तळटीप

यानिनात, तळ्याच्या काठी, खाटकाच्या दुकानावर माझी खोली.
खाली पहाटे पाचला सुऱ्यांना धार लागे,
वर मी दोन स्वेटर घालून
जुन्या ग्रीकचा कोश उघडून बसलेला,
खिडकीला धुकं चिकटलेलं.

पाठशाळेनं दिलेलं काम एवढंच: एक क्रियापद.
गर्दी बघून, कुष्ठरोगी बघून,
विधवेच्या एकुलत्या मुलाची तिरडी बघून
त्याला काहीतरी झालं.
काय झालं ते तीन पानांत लिहा,
समास सोडून, काळ्या शाईनं.

मी लिहिलं, ‘दया आली.’
खोडलं. ‘करुणेनं तो व्याकूळ झाला.’
बरं दिसत होतं. फारच बरं दिसत होतं,
म्हणून तेही खोडलं.
कोशात पहिला अर्थ निराळाच:
बळीच्या जनावराचं काळीज, फोपसं, गुर्दे,
जे जे आत असतं ते.

खाली गेलो. ईस्टरच्या आदला दिवस,
गिऱ्हाइकं दाराबाहेरपर्यंत.
एव्हान्थिया कोकराची आतडी साफ करत होती,
काडीवर उलटी करून, मीठ लावून, लिंबू चोळून,
नळाच्या हाडं गोठवणाऱ्या पाण्यात.
याला काय म्हणता, मी विचारलं.
तिनं शब्द सांगितला. माझ्याच कोशातला.
दोन हजार वर्षं तो कुठे गेलाच नव्हता,
इथेच होता, परातीत.

‘आणि माणसाला होतं तेव्हा?’
हात न थांबवता ती म्हणाली,
‘निकोस गेला त्या रात्री डॉक्टर म्हणाला, धीर धरा.
कशानं धरू? इथे,’ ओली मूठ पोटावर टेकवून,
‘कुणीतरी पिळा घालत होतं, चादर पिळतात तसा.
लिही की हे.
दया रविवारी येते, टोपी घालून.
हे आधी कळ म्हणून येतं.
कळ आली की मग कळतं.’

मी वर आलो. टोपीचं काही लिहिलं नाही.

मंगळवारी हिब्रूसाठी कोफिनासकडे.
चांदीचं दुकान त्यानं कधीच मोडलं,
फळीवर एका चहादाणीचं नुसतं झाकण उरलंय.
त्याचं बोट उजवीकडून डावीकडे सरकतं,
माझे डोळे दर ओळीला चुकीच्या टोकाशी जाऊन उभे राहतात.
‘आमच्याकडे तुझा शब्द जरा खाली राहतो,’ तो म्हणाला,
‘बेंबीच्या खाली.’
तीन व्यंजनं लिहिली, स्वर न घालता.
असं वाचलं तर गर्भाशय,
शेवट जोडला तर माया.

मला एव्हान्थिया आठवली.
‘मग जिची कूस उजवली नाही, तिनं काय करायचं?’

बराच वेळ तो चष्मा पुसत राहिला.
‘शेवट बघ ना त्याचा. अनेकवचन आहे.
मायेच्या अर्थानं याला एकवचन नाहीच.’
मग गप्प.

शनिवारी प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
गावात चार आहेत.
बाकीचे भिंतीवर, संगमरवरात, आडनावांच्या क्रमानं.
तरी तो दार उघडतो, दिवा लावतो, मोजू लागतो,
चारापाशी थांबतो.

माझी तीन पानं पास झाली.
फक्त सातव्या तळटिपेवर लाल रेघ,
तिथे मी लिहिलं होतं: ‘एव्हान्थिया, तोंडी.’
शेजारी शेरा: स्रोत ग्राह्य नाही.

परत आलो तर ती दुकान धूत होती.
‘तुझा तो म्हातारा जेवतो काय?
आमच्याकडचं मांस त्याला चालत नाही, ठाऊक आहे मला.’
पुढे तिला सुचेना. झाडू भिंतीला टेकवून
तिनं लिंबंच भरली कागदी पिशवीत,
न मोजता, पिशवी फाटेस्तोवर.

मी तळ्याकडच्या वाटेला लागलो,
एक हात पिशवीच्या बुडाशी धरून.
आणि फाटकापाशी, काही कारण नसताना,
पोटात काहीतरी उलटं झालं,
काडीवर घेतल्यासारखं.